शेजारच्या इंग्रजीच्या बाई

“परत वाच. उत्तर उताऱ्यातच असतं.”

गृहपाठात कुणी अडलं की बाई एवढंच म्हणायच्या आणि पोराच्या पाठीवर हात ठेवायच्या. नव्वदच्या दशकात भवानीनगरला बाईंच्या आणि आमच्या भाड्याच्या खोल्या लागून होत्या. बाई शाळेत इंग्रजी शिकवायच्या आणि संध्याकाळी त्यांचा ओटा पोरांनी भरायचा. माझी थोरली ‘बॉरो’ आणि ‘लेंड’मध्ये रोज गोंधळायची. बाई हसून विचारायच्या, “घेतलंस का दिलंस, तेवढं सांग.”

त्यांचा नवरा साखर कारखान्यात फिटर. एका सकाळी भिगवणला जातो म्हणून स्कूटरवर निघाला, तो परतलाच नाही. भांडण नाही, निरोप नाही. बाई कुणापाशी रडल्या नाहीत. फक्त रस्त्यावर स्कूटर वाजली की शिकवता शिकवता थांबायच्या. पोरंही थांबायची. तुम्ही तिथं असतात तर तुम्हीही थांबला असतात. आवाज पुढं गेला की बाई म्हणायच्या, “हं, पुढचा प्रश्न.”

पुढच्या उन्हाळ्यात भिगवणकडच्या धरणाचं पाणी ओसरलं आणि डाळजकडं गाळात एक प्रेत सापडलं. ओळख पटवायला पोलिसांनी बाईंना इंदापूरला बोलावलं. मी सोबत गेले. चेहरा उरला नव्हता. शर्ट मात्र त्याचाच, निळ्या चौकड्यांचा. बाई वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

“हे आमचे नाहीत.”

येताना एसटीत मी म्हटलं, “बाई, शर्ट तर त्यांचाच हाय की.”

“शर्ट आहे. ते नाहीत.”

त्या संध्याकाळीही त्यांनी पोरांना शिकवलं. बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला, असं सगळे म्हणू लागले. मलाही तेच वाटलं.

दोन पावसाळ्यांनी काविळीचं निमित्त झालं आणि बाई गेल्या.

त्यानंतरच्या दिवाळीत, भरदुपारी, बाईंच्या बंद दारापुढं एक माणूस उभा दिसला. दाढी पिकलेली, गालफडं बसलेली.

“वहिनी, हितली मंडळी कुठं गेली?”

आवाजावरून मी ओळखलं, बाईंचा नवरा. बाई खरं तेच बोलल्या होत्या. मग गाळातला तो कुणाचा कोण होता?

मी सगळं सांगितलं. तो ओट्यावर खाली बसला. “इतकी वर्सं कुठं होता?” म्हणून विचारलं, तर त्यानं उलट विचारलं, “माझ्याबद्दल काय बोलायची का?”

“न्हाई,” मी म्हणाले. “पोरांचं इंग्रजी घ्यायच्या.”

पाणीही न पिता तो उठला आणि बारामतीच्या रस्त्यानं चालू लागला. मी फाटकापर्यंत गेले. हाक मारावीशी वाटली, स्कूटर वाजली की बाई थांबायच्या तेवढं सांगायला. पण मारली नाही.