गुलालाचं पाणी

आई दुपारी झोपेत पाय मारायची. पलंगावर कुशीवर झालेली, डोळे मिटलेले, आणि पातळाच्या निऱ्यांखाली पाय हळूहळू हलत असायचे, आधी एक, मग दुसरा. जागेपणी हेच गुडघे वाकायला तयार नसत. मी शाळेतून शिकवून आले की दारातच थांबून बघत राहायची. हाक मारावीशी वाटायची नाही. कुठल्या पाण्यात असेल ती, कृष्णेच्या डोहात की नुसत्या झोपेतल्या, कुणास ठाऊक.

तिचं माहेर नदीकाठचं. पाठीला वाळका भोपळा बांधून आजोबांनी तिला कृष्णेत सोडलं, आणि आठवड्यात भोपळा सुटला. दिली मात्र जत तालुक्यात. तिथं पाणी टँकरनं यायचं आणि तांब्यातांब्यानं पुरवायचं. बुडी मारण्याएवढं पाणी तिनं पुन्हा बघितलं नाही, आणि त्याबद्दल कधी बोललीही नाही. बाबा गेल्यावर ती सहा महिने माझ्या भावाकडे जतला आणि सहा महिने माझ्याकडे राहू लागली. मतदार यादीत नाव माझ्या पत्त्यावर होतं, म्हणून निवडणुकीपर्यंत ती इथंच होती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाण्यात चालवा, गुडघे मोकळे होतील. सांगायला काय जातंय! आमच्या गावात नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव होता, पण नावाला. कित्येक वर्षं तो कोरडा पडलेला, आणि त्यात मांडववाल्याचे बांबू. निवडणूक जवळ आली तसे बांबू हलले, निळ्या फरशा बसल्या, पाणी भरलं, उद्घाटनाची कोनशिलाही लागली. आणि नेमकी त्याच आठवड्यात आचारसंहिता लागली. कोनशिलेवरच्या नावांवर वर्तमानपत्र चिकटवलं आणि फाटकाला कुलूप घातलं. नावं झाकली ते समजलं. पाण्यावर कुणाचं नाव लिहिलं होतं? मी नगरपालिकेत जाऊन हे विचारलंसुद्धा. तिथल्या साहेबांनी मला चहा पाजला आणि घरी पाठवलं.

मग आम्ही मायलेकी रोज संध्याकाळी त्या फाटकाशी जाऊ लागलो. आई दोन्ही हातांनी गज धरून उभी राहायची. उन्हं उतरताना पाण्याची झिलई मागच्या भिंतीवर थरथरत चढायची, कपडे बदलायच्या खोल्यांवरून फिरायची आणि हळूच विझायची. तेवढा वेळ मलाही काही आठवायचं नाही, ना वह्या तपासायच्या राहिल्यात, ना गॅस संपत आलाय. एवढं निवांत मला माझ्या घरात कधी वाटलेलं नाही, खरं सांगते. एकदा आई म्हणाली, तळ दिसतोय बघ. 

भावाचा फोन आला. मतमोजणी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला येतो म्हणाला. शाळूची राखण, मेंढरं, घरात वहिनी एकटी. त्याचंही खोटं नव्हतं. मी म्हटलं, तलाव उघडेपर्यंत राहू दे. तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. फोन ठेवल्यावर आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "फुडच्या खेपंला मला पायरी उतराय येईल असं वाटत न्हाई गं." मला रडू आलं, म्हणून मी तिच्यावरच डाफरले की उगाच काहीतरी बोलू नकोस.

आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव होता. आमच्याच गल्लीत ब्लाऊज शिवणारी एक बाई उभी राहिली होती. उभी राहिली म्हणजे तिच्या नवऱ्यानं तिला उभी केली होती. फ्लेक्सवर तो खांबाएवढा, आणि ही कोपऱ्यात हात जोडून. प्रचाराला दोघं घरोघर यायची, तेव्हा तोच बोलायचा आणि ही चपला काढून उंबऱ्याशी उभी राहायची. माझी मापं तिला तोंडपाठ होती, पण मापं आणि कापड सोडून दुसऱ्या कशाबद्दल मी तिचा आवाज ऐकला नव्हता.

मतदान दोन दिवसांवर आलं तेव्हा ती नवऱ्याबरोबर ताट घेऊन आली. ताटात बेलाची पानं आणि भंडारा. आमच्याकडे अजून हे चालतं. बेलभंडारा उचलायचा आणि मत अमक्यालाच देईन अशी शपथ घ्यायची. उचलला की माणूस फिरत नाही, फिरला तर त्याचं देव बघून घेतो. हे नियमात बसत नाही हे त्यांनाही माहीत, म्हणून ताटावर रुमाल टाकलेला. मी पदर खोचून दोघांना वाटेला लावणार होते. तेवढ्यात आईनं आतून त्यांना बोलावलं.

तिनं विचारलं, तलाव कधी उघडणार, मला पाण्यात उतरायचंय. नवरा सुरू झाला. ओपन जिम करू, चालायला ट्रॅक करू, ज्येष्ठांसाठी बाकडी बसवू. बाकडी! आमच्या गल्लीत माणसांपेक्षा बाकडी जास्त आहेत, आणि प्रत्येकाच्या पाठीवर कुणाचं तरी नाव. आईनं त्याला हातानंच थांबवलं. तुला नाही विचारलं, हिला विचारलं, म्हणाली. आणि ताट उचलून त्या बाईपुढे धरलं.

"माझ्या शपथंचं ऱ्हाऊ दे," आई म्हणाली, "तू उचल."

नवरा हसायला लागला. पण त्या बाईनं उजव्या हातानं बेलभंडारा उचलला. भंडाऱ्याची हळद तिच्या मनगटावरून ओघळत होती.

"मावशी, तुमास्नी पाण्यात उतरवल्याबिगर मी अंगाला गुलाल लावून घेणार न्हाई."

निवडून आल्यावर गुलाल न लावणं म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. निकाल सही करून मिळतो, पण विजय अंगावर पडतो तो गुलालानंच. आईनं तिच्या कपाळावरून हात फिरवला. मला गुलालाचं काय गं, माझं ते संपलं, असं काहीतरी म्हणाली. बाबा गेल्यापासून तिला कुणी गुलाल लावला नव्हता. गावची जत्रा असो, घरचं लग्न असो, वाटी तिच्यापाशी आली की पुढे सरकायची. ती स्वतःच एक पाऊल मागं सरून जागा करून द्यायची, आणि मला त्याचा इतका राग यायचा की मी वाटी धरणाऱ्या बाईशी आठ-आठ दिवस बोलायची नाही. पण मी तरी कधी चिमूट उचलून तिला लावली होती?

ती बाई निवडून आली. दुपारी मिरवणूक निघाली. जेसीबीच्या बकेटमधून गुलाल उधळत होते, रस्ता, झाडं, कुत्री, सगळं गुलाबी. उघड्या जीपमध्ये ती पांढऱ्या साडीत उभी होती आणि मुठी घेऊन आलेल्या बायकांना हात जोडून नको नको म्हणत होती. सासूनंही हात पुढं केला, तोही तिनं वरच्यावर धरला. बाया म्हणाल्या, लगेच शिष्ट झाली. आम्ही गॅलरीतून बघत होतो. त्या गुलाबी धुरळ्यात तेवढी एकच साडी पांढरी होती, आणि मला उगाच वाटलं की हे मी आधी कधीतरी स्वप्नात पाहिलंय.

घोटाळा नंतर झाला. मिरवणूक संपली तेव्हा पुरुषमंडळी घामानं आणि गुलालानं माखलेली, आणि समोर काठोकाठ भरलेला तलाव. आमच्याकडच्या माणसाला जे सुचायचं तेच सुचलं. तिच्या नवऱ्यानं वॉचमनकडून किल्ली घेतली आणि अख्खी मिरवणूक कपड्यांसकट पाण्यात उतरली. आता तलाव उपसायचा, फरशा घासायच्या, पुन्हा भरायचा. पंधरा दिवस तरी गेलेच. भाऊ सकाळी अकराला येणार होता.

सकाळी सातला ती बाई दारात आली. कालचीच पांढरी साडी, डोळे सुजलेले, हातात किल्ली. आईसमोर खाली बसली आणि म्हणाली, मावशी, आमच्या माणसांनी पाणी नासवलं.

"नासलंय कुटं?" आई म्हणाली. "रंगलंय. चल."

मी आडवी आले. त्या रंगात काय काय असतं, डोळ्यात गेलं तर, गुडघा सटकला तर. आई ऐकत होती आणि पातळाचा काष्टा घालत होती. शेवटी मीच टॉवेल घेतला.

तलावावर कुणी नव्हतं. कोवळं ऊन पडलं होतं आणि पाणी तळापर्यंत गुलाबी, त्याची झिलईही गुलाबी होऊन भिंतीवर हलत होती. आई कठडा धरून पायरीवर बसली, पुढची पायरी चाचपली, आणि तिथं तिचा गुडघा अडला. ती माझ्याकडे बघायला लागली. मला पोहता येत नाही, मी काठावरच खिळले. त्या बाईलाही येत नव्हतं. तिनं चपला काढल्या आणि साडीसकट ती खाली उतरली. गुलाबी रेघ तिच्या पांढऱ्या साडीवर चढत गेली, घोटे, गुडघे, कंबर. मग तिनं दोन्ही हात वर केले आणि लेकराला घ्यावं तशी माझ्या आईला पायरीवरून पाण्यात घेतली.

आई दोन पावलं चालली. मग तिनं त्या बाईचा हात सोडला आणि उताणी झाली. पाय हलू लागले, आधी एक, मग दुसरा. दुपारच्या झोपेत हलायचे तसेच. कान पाण्यात होते; मी आई, आई म्हणत होते ते तिला ऐकू जात नव्हतं. ती बाई वाकून, हात पाठीखाली धरून कमरेएवढ्या पाण्यात तिच्या मागंमागं सरकत होती. तिचे दोन्ही हात, गळा, हनुवटी गुलालानं माखली होती, आणि ती रडत होती.

अकराला भाऊ आला. मी शिकेकाईनं दोनदा न्हाऊ घातलं होतं, तरी आईच्या भांगात गुलाल राहिलाच होता. पांढऱ्या केसांत तो लांबूनही दिसत होता. भाऊ बघतच राहिला. मग त्यानं खिशातून रुमाल काढला, पाण्यानं ओला केला आणि पुसायला हात पुढं केला.

आईनं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे की रं," म्हणाली, आणि पदर डोक्यावर न घेताच गाडीत बसली.