बिलातली चौथी ओळ

मास्तर शिंपी होते आणि जन्मभर सगळ्यांशी दबकूनच वागले. कुणी कापड कमी आणलं तर पदरचा तुकडा जोडतील, पण गिऱ्हाइकाला अवाक्षर बोलणार नाहीत. घराच्या वतीने भांडणं बायकोच करायची, आणि झकास करायची. ती गेल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मास्तरांचं कुणाशी भांडण झालं नव्हतं. म्हणजे जो येईल तो त्यांना खुशाल टोपी घालत होता.

आता रेडिओवाल्याचं बिल आलं होतं, सांगितलेल्या आकड्याच्या तिप्पट. "बाबा, तुम्हीच जाऊन विचारा. बोलणं तुमच्याशी झालंय, माझं तो कशाला ऐकेल?" असं म्हणत मुलीने बिलाचा कागद त्यांच्या खिशात कोंबला.

मास्तरांना पैशाचं वाईट वाटत होतंच, पण भीती निराळी होती. त्यांचा जुना, मोठ्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर दुरुस्तीसाठी त्या दुकानात होता आणि त्यावरची टेप काढायची ते विसरले होते. बायकोचा आवाज साऱ्या जगात त्या एका टेपवर होता, जेमतेम पाच मिनिटं. रेडिओवाला बिथरला आणि त्याने टेप कुठे भिरकावली तर? हात दगडाखाली असताना दगडाशी कोण भांडतं?

दुकानाबाहेरच्या बाकावर बसून, धीर यावा म्हणून, त्यांनी बिल पुन्हा वाचलं. पट्टा बदलला. मोटर साफ केली. चाकाचं रबर नवं घातलं. चौथी ओळ होती, रेकॉर्डिंगचं हेड बदलून तपासलं.

मास्तरांचं बोट त्या ओळीवर थांबलं. रेकॉर्डिंग कुणाला हवं होतं? त्यांना नुसतं ऐकायचं होतं. आणि तपासलं ते कशावर? शिवणयंत्राला तेल दिलं की मास्तर स्वतः हाताला लागेल त्या तुकड्यावर चार टाके मारून बघत. तुकडा कुणाचा, हे चाळीस वर्षांत त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

ते उठून आत गेले.

"या मास्तर," रेडिओवाला म्हणाला. "बिलाचं ना? अहो, या मशीनचे पार्ट आता मिळतात कुठे? मिळाले तर सोन्याच्या भावाने."

"रेकॉर्डिंग कशावर तपासलंत?"

"मशीनवर होती की टेप. तिच्यावरच." मग त्याने मास्तरांचा चेहरा पाहिला. "का हो? काय झालं?"

"लावा ती. पहिल्यापासून."

चकत्या फिरू लागल्या आणि रेडिओवाल्याचाच आवाज आला. हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन. मग चहावाल्याला मारलेली हाक, मग एक हॉर्न, मग पुन्हा हॅलो. मास्तरांनी काउंटरची कड घट्ट धरली. हॅलो काही संपत नव्हतं.

"मास्तर, मला खरंच वाटलं..."

"गप्प बसा," मास्तर म्हणाले. असं ते आयुष्यात कुणाला म्हणाले नव्हते.

मग खर्रकन आवाज झाला आणि अर्ध्या शब्दातून ती बोलू लागली. "...डतीस. बाही साडेतेवीस. नीट लिहा हो, मागच्या खेपेला एक बाही आखूड केलीत. हसताय काय? पुरे आता. बंद करा ते."

तेवढंच उरलं होतं. आधीचं तिचं गुणगुणणं, हसणं, सगळं गेलं होतं.

रेडिओवाल्याने मास्तरांच्या हातातलं बिल घेऊन फाडलं. "एक पैसाही देऊ नका," तो खालमानेने म्हणाला आणि त्याचा हात बटणाकडे गेला. मास्तरांनी तो मनगटाला धरून थांबवला. टेप केली त्या दिवशी बायकोचं ऐकून त्यांनी लगेच बंद केलं होतं. आज केलं नाही. मुकी टेप फिरत राहिली, मिनिटामागून मिनिटं, आणि दोघं तिच्याकडे बघत उभे राहिले.

"पुढे सगळी कोरीच होती हो," मास्तर म्हणाले.