पूर्वेकडचा कठडा

गेवराईत माझं वेल्डिंगचं दुकान आहे. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, शेडचे सांगाडे असं पडेल ते करतो, पण जास्त काम गॅलरीच्या कठड्यांचं. घर बांधून होतं, रंग होतो, वास्तुशांतीच्या पत्रिका वाटून होतात आणि मग मालकाला आठवतं की वरच्या गॅलरीला कठडाच नाही. मग तो दुकानाच्या दारात येऊन उभा राहतो. परवा पाहुणे येणार, तेवढं उरकून द्या म्हणतो. असल्या माणसांवर मी चिडतो आणि मनातल्या मनात चिडणं मला जमत नाही. त्यांना कठड्यावर मोर हवा असतो, उगवता सूर्य हवा असतो. हा कठडा कशाला धरून उभा राहणार आहे, असं आजवर कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

विचारलं नाही तरी मी सांगतो. प्लास्टरमध्ये बोल्ट मारून उपयोग नाही, प्लास्टर म्हणजे तोंडाला लावलेली पावडर. ड्रिल आतल्या स्लॅबपर्यंत गेलं पाहिजे. भोकातला भुगा सायकलच्या पंपानं उडवून काढला पाहिजे. मग बोल्ट ठोकायचे, लोखंडी पट्टी आवळायची आणि त्या पट्टीवर खांब वेल्ड करायचा. उभ्या गजांमधून लेकराचं डोकं जाता कामा नये. एवढं बोलेपर्यंत समोरचा माणूस मोबाइल बघायला लागलेला असतो.

काम संपल्यावर मात्र मी त्याला सोडत नाही. दोन्ही हातांनी धरा आणि हलवा, म्हणतो. लाजू नका, जोर लावा. पुरुष उगाच जास्त जोर लावतात, बायका दोन बोटांनी हलवून बघतात. कठडा हलत नाही. मग सगळेच हसतात आणि ‘पक्कं झालं’ म्हणतात. घरच्या माणसानं स्वतःच्या हातानं हलवून बघितल्याशिवाय मी अवजारं गोळा करत नाही. ही माझी दुकान टाकल्यापासूनची सवय आहे.

आणि एवढं सगळ्यांना ऐकवणाऱ्या माझ्या उमापूरच्या घरात पूर्वेकडचा कठडा तारेनं बांधलेला होता.

त्याचं असं झालं. आमचे वडील मेंढरं राखायचे. ते गेल्यावर मेंढरं विकली आणि थोडी शेती राहिली. धाकटा भाऊ ट्रॅक्टर चालवायला लागला आणि मी दुकान टाकलं. दोघांच्या कमाईतून खाली दोन आणि वर एक अशा खोल्या काढल्या. वरच्या खोलीसमोर गॅलरी. ती खोली माझी, कारण माझं लग्न झालेलं होतं. भावाची खोली गॅलरीच्या पूर्वेच्या टोकाला निघायची होती, खाली शेळ्या बांधायची जागा आहे तिच्यावर. म्हणून स्लॅब टाकताना त्या बाजूनं गज हातभर बाहेर सोडले. आमच्याकडे सगळेच असं करतात. कुठल्याही गावात बघा, घरांच्या डोक्यावर आणि कडेला गज उभे असतात. पुढं बांधू, पोरांची लग्नं झाल्यावर बांधू म्हणून ते ठेवलेले असतात.

स्लॅबच्या दिवशी भाऊ नुसत्या बनियनवर काँक्रीटच्या पाट्या वर देत होता. त्याचा उत्साह असा, की जणू त्याच दिवशी वरात निघणार होती. स्लॅब पक्का झाल्यावर पुढच्या बाजूचा कठडा मी नीट बोल्ट मारून बसवला. पूर्वेच्या टोकाला आलो तसा तो म्हणाला,

“दादा, हिकडं पक्कं करू नगंस. हिकडून माजी खोली निगणार हाय. परत कापत बसशील.”

“आन तवर?”

“तवर तारेनं बांद. खोली झाल्याबिगर मी लगीन करीत न्हाई, आन लगीन तर मला लई लवकर करायचंय.”

माय खालून ऐकत होती. ती हसत सुटली. मी एक तयार कठडा आणून तिथं उभा केला. एका बाजूनं पुढच्या खांबाला, दुसऱ्या बाजूनं भिंतीतल्या हुकाला आणि खालून त्या गजांना बांधकामाच्या काळ्या तारेनं आवळला. तो हात लावला की खडखडायचा. भाऊ कामावरून आला की खांद्यावरची घोंगडी त्या कठड्यावर फेकायचा. खडखड झाली की खाली चुलीपाशी बसलेली माय तव्यावर भाकरी टाकायची.

त्याच हंगामात माजलगावकडे ऊस घेऊन जाताना त्याचा ट्रॅक्टर रस्त्याकडेच्या चारीत उलटला. दवाखान्यात नेईपर्यंत तो राहिला नाही.

त्याबद्दल मला फार लिहिता येणार नाही. माय त्या दिवसांत रडली नाही एवढं सांगतो. गावातल्या बाया तिला धरून बसायच्या, रड बाई, मोकळी हो म्हणायच्या. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. शेळ्यांना पाणी पाजलं का, असं विचारायची. मला तिची भीती वाटायची आणि रागही यायचा. माझा भाऊ गेला होता आणि मला तिच्या गळ्यात पडायचं होतं, पण ती तशी जागाच देत नव्हती.

पावसाळा जवळ आला तेव्हा ती मला म्हणाली, “दुकानावरून येताना वंजळभर सिमिट आण.”

मला वाटलं, चुलीला काही करायचं असेल. तिनं घमेल्यात सिमेंट पातळ कालवलं, वर गेली आणि त्या बाहेर निघालेल्या गजांना एकेक करून लेप दिला. बांधकाम थांबलं की गज गंजू नयेत म्हणून असा लेप देतात, हे तिला भावानंच सांगितलं असणार. फडक्यानं ती तो लेप असा चोपडत होती, की जणू लहान लेकराच्या अंगाला तेल लावत असावी. मी जिन्यात उभा राहून बघितलं आणि परत खाली आलो.

मग ते दर पावसाळ्याआधी सुरू झालं. सिमेंट मीच आणून द्यायचो. भावाची घोंगडीही ती वर्षातून एकदा धुवायची आणि त्याच कठड्यावर वाळत घालायची. ती घोंगडी आमच्या शेवटच्या मेंढरांच्या लोकरीची होती.

एकदा माय शेतात गेलेली बघून मी ग्राइंडर वर नेलं. गज कापून टाकायचे आणि कठडा पक्का करायचा, एकदाचं मिटवायचं असं ठरवलं होतं. वायर जोडतोय तोवर ती जिना चढून आली. कसं कळलं तिला, देव जाणे. ती कठड्याला पाठ लावून बसली.

“माय, ऊठ. तार गंजलीय. हे कदी तरी खाली जाणार हाय.”

“नवी तार बांद.”

“तारेनं किती दिस काढायचे? आता कुनाची खोली निगणार हाय हिकडून?”

बोलून गेल्यावर माझा मलाच राग आला. माय तशीच बसून होती. म्हणाली, “खोली निगू न्हाई तर न्हाई. गज कापू नगंस. तुजं काय खात्यात ते?”

मी नवी तार बांधली. तिची समजूत काढणं माझ्या ताकदीबाहेरचं होतं. खरं सांगायचं तर ते गज तिथं आहेत याचं मलाही बरं वाटायचं. पण तसं मी तिला कधी म्हटलं नाही.

पुढं माझी मुलगी चालायला लागली. सगळी गॅलरी सोडून तिला तेच टोक आवडायचं, कारण तोच कठडा वाजायचा. दोन्ही मुठींत गज धरून ती खडखड हलवायची आणि आजीकडे बघायची. आजीही हसायची. भाऊ गेल्यापासून माय हसली ती फक्त त्या आवाजाला. बायको मात्र धास्तावलेली असायची.

“गावभर कठडे बसवीत फिरता,” ती मला म्हणाली, “आन आपल्या लेकरापुढं हे लोंबतंय. आत्याबाईला तुमी सांगा, न्हाईतर मी सांगते.”

तिनं सांगितलंही. मायनं ऐकून घेतलं आणि वडिलांची वाघूर काढली. वाघूर म्हणजे मेंढरं रानात बसवताना भोवती लावतात ती दोरीची जाळी. आमच्याकडे ती खुंटीवर तशीच टांगलेली होती. मायनं ती कठड्याच्या आतून या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधली. इतकी मेंढरं हिच्या आत राहिली, एक लेकरू राहणार नाही का, असं तिचं म्हणणं. बायको माझ्याकडे बघत राहिली आणि मी दुकानाला निघून गेलो.

वैशाखातली दुपार होती. गेवराईत लाइट नव्हती म्हणून मी दुकान बंद करून घरी आलो होतो. खाली जेवायला बसलो होतो. बायको वाढत होती. माय वर होती आणि मुलगी तिच्याजवळ. सकाळी घोंगडी धुतलेली होती. भिजलेली घोंगडी दोन माणसांनी उचलावी एवढी जड होते, ती मायनं एकटीनं ओढत वर नेऊन कठड्यावर टाकली होती. मला ताटावर आधी एक खडखड ऐकू आली. मग काहीतरी मोठ्यानं आदळलं आणि शेळ्या ओरडायला लागल्या.

मी बाहेर आलो. अंगणात कठडा पडला होता आणि त्याच्यावर ती ओली घोंगडी पसरलेली होती. वाघुरीचं एक टोक कठड्यात अडकून वरपर्यंत ताणलं गेलं होतं. घोंगडीचा मधला भाग उंच दिसत होता.

मी वर बघितलं नाही. खाली बसलो आणि घोंगडीचा काठ धरला, पण तो उचलायला माझा हात होईना. माझ्यामागं बायको आली होती. तिनं दुसरा काठ धरला आणि आम्ही दोघांनी मिळून घोंगडी उचलली. खाली कठड्याचे वाकलेले गज होते. दुसरं काही नव्हतं.

मग वरून मुलीचा आवाज आला. माय गॅलरीच्या उघड्या टोकाला, भिंतीला चिकटून उभी होती आणि मुलगी तिच्या कडेवर होती. मुलगी खाली बोट दाखवून काहीतरी सांगत होती. कठडा जाण्याच्या जरा आधी तिनं पाणी मागितलं होतं, म्हणून मायनं तिला उचलून घेतलं होतं. तेवढंच झालं होतं.

बायकोनं मुलीला घेतलं आणि त्या दिवशी तिला खाली ठेवलंच नाही. भांडायची मला सवय आहे, पण तेव्हा मी नुसती वाघूर सोडवून खुंटीला टांगली. माय जेवली नाही. शेळ्यांपाशी जाऊन बसली आणि तिथून वर त्या उघड्या टोकाकडे बघत राहिली.

सकाळी मी दुकानाला निघालो तर ती दारात आली.

“मशीन आण.”

“कोन्तं?”

“कापायचं.”

ग्राइंडर आणलं. तू खाली थांब, ठिणग्या उडतात, असं म्हटलं तर तिनं मान हलवली. “माज्यासमोर काप.”

पहिल्या गजाला चाक लावलं तसा सिमेंटचा लेप फुटला. एकावर एक बसलेले पापुद्रे निघून पडले, दर पावसाळ्याचे. आतला गज नवाकोरा होता. भावानं सोडला तेव्हा होता तसाच, गंजाचा एक डाग नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि चष्मा लावलेला होता म्हणून पुसताही येईना. तसेच सगळे गज कापले. प्रत्येक तुकडा खाली पडला की शेळ्या दचकायच्या. माय एका जागी उभी राहून बघत होती.

मग नेहमीसारखं काम केलं. ड्रिल स्लॅबच्या आत घातलं, पंपानं भुगा उडवला, बोल्ट ठोकले, पट्ट्या आवळल्या. कठड्याचे वाकलेले गज घणानं सरळ केले. कठडा उभा केल्यावर दुसरं टोक धरायला माणूस लागतो. घरच्या कामाला ते टोक नेहमी भाऊ धरायचा. मी इकडंतिकडं बघितलं तोवर मायनं पुढं होऊन ते धरलं.

“उजेडाकडं बगू नगंस,” मी म्हणालो.

तिनं डोळ्यांवर पदर ओढला, पण कठडा सोडला नाही. मी दोन्ही टोकं वेल्ड केली, घासली, लाल रंग दिला. पदर बाजूला करून ती माझ्याकडे बघायला लागली. अजून काही राहिलं आहे का, असा तिचा चेहरा होता.

दर घरी म्हणतो तेच माझ्या तोंडातून निघून गेलं.

“हालवून बग, माय.”

तिनं रंग न लागलेल्या जागी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि हलवला. मग पाय रोवून, सगळं अंग टाकून हलवला. मी बस म्हणालो तरी ती थांबेना. मुलगी बायकोच्या कडेवरून बघत होती, नेहमीसारखा आवाज येईल म्हणून वाट बघत होती.

“हालत न्हाई रे,” माय म्हणाली. “आता न्हाई हालत.”

आणि तिथंच खाली बसून ती माझ्या भावाचं नाव घेऊन रडायला लागली.