रिकाम्या बॅचचा शंभर टक्के निकाल

तर्कटे सरांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण पगाराचा दिवस सोडला तर ते कोणाच्या तोंडी यायचं नाही. आमच्या क्लासमध्ये ते तर्कशास्त्र शिकवायचे. कॉम्प्युटरच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत त्या विषयाला मूठभर गुण असतात, आणि त्या मूठभर गुणांसाठी सरांनी अख्खं आयुष्य घातलं होतं. हे त्यांच्यासमोर म्हटलं असतं तर त्यांनी लगेच विचारलं असतं, अख्खं म्हणजे कोणत्या वयापासून. मी काउंटरवर बसायचे. प्रवेश, फोन, चाव्या आणि शिक्षकांच्या कुरबुरी अशी सगळी खाती माझ्याकडे होती. तिसऱ्या मजल्यावर दोन वर्ग, साहेबांची काचेची केबिन आणि जिन्याच्या तोंडाशी माझं टेबल, एवढाच तो पसारा. बाहेरच्या बोर्डावर मात्र त्याला अकादमी म्हणायचे.

सर माणूस म्हणून वाईट नव्हते, पण शब्दाचा कीस पाडल्याशिवाय त्यांना चहासुद्धा गोड लागत नसे. एकदा मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, सगळे शिक्षक वेळेवर येत नाहीत. आम्ही रीतसर माना खाली घातल्या. सरांनी हात वर केला आणि विचारलं, एकही शिक्षक वेळेवर येत नाही असं म्हणायचंय, की काही येतात आणि काही येत नाहीत असं? कारण आपल्या भाषेत या वाक्याचे दोन्ही अर्थ होतात, आणि पहिला अर्थ घेतला तर वाक्य खोटं ठरतं, कारण ते स्वतः वेळेवर येतात. साहेबांनी मीटिंग तिथंच आटोपली. सरांचा हा एक उपकार मी अजून विसरलेले नाही.

घरीही तीच तऱ्हा. त्यांची बायको दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती. समोरच्याला तोंड उघडायला आणि मिटायला लावणं हा तिचा रोजचा धंदा, पण सरांपुढे तिनंही हात टेकले होते. एकदा विसरलेला डबा द्यायला आली तेव्हा तिनं सांगितलं, की ती सकाळी यांना म्हणाली होती, लवकर आलात तर बाहेर जेवायला जाऊ. हे आले चांगले उशिरा, हातपाय धुतले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दारात तयार होऊन उभे राहिले. लवकर आलो तर काय ते तू सांगितलंस, उशिरा आलो तर काय याबद्दल तू काहीच बोलली नव्हतीस, असा मुद्दा. 'तर' वेगळं आणि 'तरच' वेगळं, हे त्यांनी तिला उंबऱ्यात उभं राहून समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सकाळची भाजी गरम करून पुढ्यात ठेवली.

वर्गात मात्र सर मुलांना आवडायचे. म्हणजे काही मुलांना. निदान एका तरी मुलाला, इथवर मी छातीठोक सांगू शकते. उलटा इंग्रजी ए म्हणजे 'प्रत्येक' आणि आरशातला ई म्हणजे 'एखादा तरी', ही दोन चिन्हं फळ्यावर काढली की त्यांचा आवाज बदलायचा. प्रत्येक कुलपाला एक किल्ली असते हे एक वाक्य. एक किल्ली अशी आहे जी प्रत्येक कुलपाला लागते हे दुसरं. शब्द तेच, फक्त जागा बदलली, आणि पहिल्या वाक्यात निवांत झोपलेला माणूस दुसऱ्या वाक्यात घर धुऊन नेलेलं बघतो, असं ते सांगायचे. मला काउंटरवर बसल्याबसल्या एवढं कळलं, तर फी भरणाऱ्या मुलांना काय हरकत होती, ते देवच जाणे.

तर त्या वर्षी निकाल लागला आणि आमच्या नेहमीच्या बॅचचा आकडा बोर्डावर लिहिण्यासारखा नव्हता. साहेब दोन दिवस केबिनमध्ये येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना स्पेशल बॅच आठवली. ही बॅच त्यांनी आदल्या वर्षी जाहीर केली होती: दिवसभराचे वर्ग, नोकरीधंदा सोडून पूर्ण वेळ अभ्यास करणाऱ्यांसाठी. तिच्यासाठी नव्या खुर्च्यासुद्धा आल्या होत्या. नोकरी सोडून आमच्याकडे येण्याइतकी अक्कल गहाण टाकलेला मनुष्य मात्र आला नाही. खुर्च्यांवरचं प्लास्टिक वर्षभर तसंच राहिलं.

साहेबांनी सरांना बोलावलं. केबिन काचेची असली तरी आवाज अडवण्याचं काम तिनं कधीच केलं नाही. स्पेशल बॅचमधल्या किती जणांची निवड झाली नाही, असं साहेबांनी विचारलं. शून्य जणांची झाली नाही, सर म्हणाले. साहेबांनी कपाळाला हात लावला. मग सरांनीच सोपं करून सांगितलं: त्या बॅचमध्ये निवड न झालेला एकही विद्यार्थी नाही.

"म्हणजे सगळ्यांची झाली, असं म्हणता येईल?"

"म्हणता येईल. तसं कोणाचीच झाली नाही, असंही म्हणता येईल."

"दुसरं राहू द्या. पहिलं खोटं तर नाही ना?"

"खोटं नाही."

साहेब काही मठ्ठ नव्हते. बॅच रिकामी होती हे फीच्या हिशेबामुळे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त एका जाणकाराचं प्रमाणपत्र हवं होतं, ते फुकटात मिळालं. आठवड्याभरात खालच्या दारावर भला मोठा बोर्ड लागला: 'स्पेशल बॅच – सर्वच्या सर्व विद्यार्थ्यांची निवड!' उद्गारचिन्ह माझ्या उंचीचं होतं.

सर तो बोर्ड बघून वर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, सर, हे धडधडीत खोटं आहे आणि तुम्हाला ते चालतंय? ते म्हणाले, नाही, ते खरं आहे, हीच तर अडचण आहे. मग त्यांनी शर्टाचा रिकामा खिसा उलटा करून दाखवला आणि म्हणाले, माझ्या खिशातली सगळी नाणी सोन्याची आहेत, असं मी म्हटलं तर मला खोटं पाडायला तुम्हाला त्यातून एक तरी साधं नाणं काढून दाखवावं लागेल. काढा. मी म्हटलं, सर, या हिशेबानं मीसुद्धा माझ्या सगळ्या बंगल्यांत एकेक माळी ठेवलाय. बरोबर, ते म्हणाले, आणि कधी नव्हे ते माझ्यावर खूश झाले.

त्यानंतर आठवडाभरातच ती आली. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती, म्हणून मी तिला लॅबवालीच म्हणायचे. तिशीला टेकलेली, बोटांना औषधाचा वास, खांद्याला जड पिशवी. लॅबमध्ये सकाळपासून बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि संध्याकाळी घरी बसून एकटीनं ही परीक्षा द्यायची तयारी करायची, असं तिचं गेली काही वर्षं चाललं होतं. दोनदा परीक्षा देऊन झाली होती. वडील थकले होते, घर तिच्या पगारावर चालायचं, आणि वयाच्या अटीमुळे आता एकच संधी उरली होती. नोकरी सोडून स्पेशल बॅचला यावं की नको, एवढंच तिला ठरवायचं होतं. खालचा बोर्ड खरा आहे का, असं तिनं मला विचारलं. तेवढ्यात सर वर्गातून बाहेर आले, मी म्हटलं, यांनाच विचारा. तिनं विचारलं.

"खरा आहे," सर म्हणाले. "पण का खरा आहे ते समजून घ्या."

मला हायसं वाटलं. सर तिला वर्गात घेऊन गेले, खडूचा आवाज सुरू झाला. बॅचला ब म्हणू. ब मधल्या प्रत्येक क्षसाठी, क्षची निवड झालेली आहे. आता ब रिक्त असेल तर काय होतं, बघा. त्यांनी उलटा ए काढला, कोष्टक मांडलं, पहिला भाग असत्य असला की अख्खं विधान आपोआप सत्य कसं होतं ते दाखवलं. ती बाई शेवटपर्यंत इतकी छान मान हलवत होती की मलाही वाटलं, समजलं हिला. बाहेर आली तेव्हा चेहरा उजळला होता. विचार करून कळवते म्हणाली. मी मनात म्हटलं, वाचली बिचारी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पेढ्यांचा पुडा दिल्यासारखा चेहरा करून काउंटरवर उभी. राजीनामा देऊन आली होती. मालकांनी जागच्या जागी मंजूर केला, कारण त्यांच्या पुतणीला ती जागा हवीच होती. मी विचारलं, अहो, काल सरांनी एवढं समजावलं ना? हो ना, ती म्हणाली, दोन वर्षं डोक्यात शिरत नव्हतं ते एका बैठकीत शिरलं, असे शिक्षक असतील तर सगळे निवडले जाणारच. सरांना वाटलं होतं, आपण बॅचबद्दल बोलतोय. तिला वाटलं, सर उदाहरण शिकवताहेत.

मी तडक वर्गात गेले आणि शिकवणं थांबवून सरांना बाहेर काढलं. माझा पारा इतका चढला होता की आवाज केबिनमध्ये जातोय की नाही, याची पर्वा नव्हती. म्हटलं, जा आणि तिला दोन शब्दांत सांगा, 'बोर्ड खोटा आहे.' सर पांढरेफटक पडले. ते काउंटरपाशी आले, तिच्यासमोर उभे राहिले. तोंड उघडलं, मिटलं. माणसं चोरी कबूल करताना अडखळतात, हा इसम एक साधं खोटं बोलायला अडखळत होता.

"त्या बॅचमध्ये कोणीच नव्हतं," शेवटी ते म्हणाले. "एकही नाही."

तिला समजायला वेळ लागला नाही, कारण सगळं कोष्टक काल शिकून झालं होतं.

"मग काल खोटं आहे म्हणून का नाही सांगितलंत?"

"खोटं नव्हतं."

तिनं तिथूनच लॅबला फोन लावला. पुतणी उद्यापासून येणार होती. मग तिनं पिशवी खांद्यावरून काढली आणि विचारलं, वर्ग कुठला. नव्या खुर्च्यांपैकी एकीवरचं प्लास्टिक मी स्वतः ओरबाडून काढलं, आणि साहेबांनी त्यांच्या दृष्टीनं मोठ्या मनानं तिला फीमध्ये किंचित सूट दिली.

ते वर्षभर सरांनी तिला जसं शिकवलं, तसं शिकवताना मी कोणाला पाहिलेलं नाही. सुट्टीच्या दिवशीही यायचे. कुलूपकिल्ली सोडून लॅबमधली उदाहरणं काढायचे. प्रत्येक बाटलीला एक चिठ्ठी असते, आणि एक चिठ्ठी प्रत्येक बाटलीला असते, यातला फरक तिनं चटकन सांगितला आणि म्हणाली, दुसरं केलं तर सगळ्या गावाला एकच रोग निघेल. सर पोट धरून हसले. त्या दिवशी मला त्यांचा राग आला नाही. पण बाकीच्या विषयांचे शिक्षक एका विद्यार्थिनीसाठी यायला तयार नव्हते. साहेब म्हणायचे, बघू, सोय करू. सोय झाली नाही. सर केबिनमध्ये जाऊन भांडायचे, म्हणजे 'बघू' या शब्दातून कोणतंही आश्वासन निष्पन्न होत नाही, हे सिद्ध करून परत यायचे. इतर विषयांची पुस्तकं त्यांनी आणून दिली, जमेल तेवढं स्वतः शिकून शिकवलं. जमेल तेवढंच जमलं.

रोज वर येताना सर त्या बोर्डाखालून जायचे आणि रोज मान वळवायचे. एकदा मी विचारलं, अजून खराच का? आता बॅचमध्ये माणूस आहे ना? ते म्हणाले, निकाल लागेपर्यंत तो जुन्या बॅचबद्दल आहे, निकाल लागला की नव्या बॅचबद्दल होईल. मग जरा थांबून म्हणाले, आयुष्यात कुठल्या वाक्याची इतकी चीड आली नव्हती.

निकाल लागला त्या सकाळी ती सरांच्या आधी आली. दुसऱ्या एका लॅबमध्ये दुपारच्या पाळीचं काम मिळालं होतं, त्यामुळे सकाळ मोकळी होती. मी विचारलं नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तर्कशास्त्राचे सगळे प्रश्न बरोबर आले होते, एकूण एक. निवड व्हायला मात्र मूठभर गुण पुरत नाहीत.

सर जिना चढून आले. तिनं त्यांना आकडे सांगितले, तर्कशास्त्राचे आधी, बाकीचे मग. ते ऐकत राहिले. बॅचमध्ये एकच जण, आणि तिची निवड नाही.

"आता तरी बोर्ड खोटा म्हणाल ना, सर?" तिनं विचारलं. आवाजात टोमणा होता की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"हो," सर म्हणाले. "आता खोटा आहे." आणि हे बोलताना ते माझ्या टेबलाचा कोपरा धरून रडले, जिन्यात मुलांची ये-जा चालू असताना.

तिनं त्यांना गप्प केलं नाही. पाण्याचा ग्लास भरून त्यांच्यापुढे ठेवला आणि दुपारची पाळी आहे म्हणून निघून गेली.