आमच्या मंडळाकडून बोरटोल्याचं निमंत्रण

हसायचं असेल तर हसा, पण माझी फजिती पूर्ण ऐकून हसा.

पुण्याहून इंजिनियर होऊन गडचिरोलीकडच्या आमच्या गावी परतले, तेव्हा वाटलं होतं, लोक विचारतील, शाळा कशी सुधारायची, दवाखान्याचं काय करायचं. लोकांनी विचारलं एकच : "मंडईच्या नाटकाचं पोस्टर बनवून देशीन का वं?"

मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची गावजत्रा, आणि त्या रात्री नाटक हवंच. म्हटलं, एकच कशाला? सगळ्या गावांसाठी वेबसाइटच करते! गावाचं नाव भरा, नाटकाचं भरा, बटण दाबा. पोस्टर ब्राउझरमध्ये उघडत बसायचं नाही. फाइल थेट फोनात डाउनलोड! केवढा अभिमान मला त्या बटणाचा!

नाटक मंडळाचे अध्यक्ष माझे सख्खे देवाजीकाका. शेजारच्या बोरटोल्यातही त्याच रात्री तेच नाटक. प्रेक्षक कोणाच्या मांडवात जातात, हा इज्जतीचा सवाल! काकांनी बटण दाबलं, आलेली फाइल न उघडताच सगळ्या ग्रुपवर पाठवली आणि तालुक्याला, वडशाला, फ्लेक्सही छापायला टाकला.

नाटकाच्या आदल्या संध्याकाळी बोरटोल्याच्या नाटक मंडळाच्या बंडूभाऊंचा फोन. काकांनी स्पीकरवर घेतला.

"देवाजीभाऊ, तुमचं मन लय मोठं हाय बाप्पा! आमच्या नाटकाचं निमंत्रण तुमी गावोगावी देऊन राह्यले!"

"मी? मी काऊन देऊ?"

"तुमच्याच चौकात फ्लेक्स पाह्यला ना! 'बोरटोल्याला अवश्य या!'"

आम्ही चौकात धावलो. खरंच की! गावाचं नाव मी तळाशी बारीक अक्षरांत टाकलं होतं. सुबक दिसतं म्हणून! त्यामुळे ते कोणाच्या नजरेतच आलं नव्हतं.

"काका, ब्राउझरची चूक असेल."

"मंग बोलव त्याले इथी!"

घरी येऊन तपासलं. चूक माझीच. साऱ्या गावांची पोस्टरं मी सर्व्हरवर एकाच नावाच्या फाइलीत ठेवत होते. नवं आलं की जुनं पुसलं! काकांनी बटण दाबलं, त्याच क्षणी तिकडे बंडूभाऊंनीही दाबलं, आणि काकांच्या फोनात बोरटोला उतरलं.

"म्हंजे उद्या आपल्या मांडवात कोणीच येनार नाई?" काका तिथेच खाली बसले. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

घाईघाईनं दुरुस्त पोस्टर पाठवलं. ग्रुपवर उत्तर आलं : "पयले कुठी याचं, ते ठरवा ना बाप्पा!"

सकाळी उठल्या उठल्या मी ठरवलं : फाइलीचं मागाहून बघू, आधी ऑटोवर भोंगा बांधायचा, माइक हातात घ्यायचा आणि गावोगाव ओरडत फिरायचं, "भावांनो, बायांनो, नाटक आमच्याच गावात आहे! पोस्टरवर अजिबात विश्वास ठेवू नका! ते बनवणारी मीच आहे, म्हणून सांगते!"