वसुधाताई आणि सहावा विषय

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. वसुधाताई घाणेकरांचा चित्रकलेचा वर्ग मी बंद पाडला. मुलं कमी पडली म्हणून तो बंद झाला असं शाळेत सगळे धरून चालतात, आणि माझ्या माहितीप्रमाणे ताईसुद्धा तसंच समजत होत्या. पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्या भाच्याचा, प्रमोदचा, फोन आला तेव्हा मी शाळेच्या कम्प्यूटर लॅबमध्ये होतो. "दादा, आत्या गेली. सकाळचा चहा घेतला, म्हणाली जरा पडते, आणि..." मी येतो म्हटलं, फोन खिशात टाकला आणि मुलांना पुढचा धडा उघडायला सांगितलं. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर आधी सुटल्यासारखं वाटलं. आता विचारणारं कुणी उरलं नाही, असं. हेही आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

या शाळेत मला ताईंनीच आणलं. मी शिकवत होतो ते कोचिंग सेंटर बंद पडलं होतं आणि मी चार महिने घरी बसून होतो. ताई आमच्या ओळखीतल्या. झाशीत मराठी घरं ती किती, सगळी एकमेकांना ओळखतातच. शाळेत कम्प्यूटर हा विषय नवा सुरू होणार असं कळल्याबरोबर त्या मला हाताला धरून प्राचार्यांकडे घेऊन गेल्या. "हमारा लड़का है, सर. कम जानता होगा, पर झूठ नहीं बोलेगा." मी तेव्हा सदतीस वर्षांचा होतो, तरी लड़का. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "आता माझी मान खाली घालायला लावू नकोस, अरविंदा." एवढंच. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच मराठी. डबे उघडले की आमचं सुरू व्हायचं, आणि कुणीतरी म्हणायचंच, "लो भैया, बैठ गई महाराष्ट्र सरकार!" माझी मराठी तशी अर्धी हिंदीच. ताईंची मात्र शंभर वर्षांपूर्वीची वाटावी अशी. "ते फडताळातले ब्रश दे" म्हणाल्या तेव्हा मी नुसता बघत राहिलो. "अरे, कपाटाला फडताळ म्हणतात. तुझ्या आजीला ठाऊक होतं, तुला नाही. काय शिकवणार तू मुलांना!" त्यांचा वर्ग जिन्याखालच्या खोलीत भरायचा. तिथे मुलं काढायची ती रोजच्या पाहण्यातली चित्रं: बड़ा बाज़ारातली गर्दी, हातगाडीवरची पपई, झोपलेला कुत्रा. दोन वेळा काढलेलं तिसऱ्यांदा काढायला लावायच्या. चांगलं झालं असं मी त्यांच्या तोंडून फारसं ऐकलं नाही. "बघितलंस का नीट?" एवढंच विचारायच्या.

आमच्याकडे नववीत मुलांना सहावा विषय स्वतः निवडायचा असतो. मुलं कागदावरच्या फॉर्मवर खूण करतात, पालक सही करतात, मग ते सगळं बोर्डाच्या वेबसाइटवर चढवायचं. हे काम अर्थातच कम्प्यूटरवाल्याचं. माझ्या तिसऱ्या वर्षी प्राचार्यांनी बैठकीत सांगून टाकलं की यंदापासून कला किंवा कम्प्यूटर, ज्याला वीसपेक्षा कमी मुलं, तो विषय बंद. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "देख लीजिए अरविंद जी. बच्चे आएँगे तो आप भी रहेंगे." मी वर्षावर्षाच्या करारावर होतो. ताई कायम होत्या. त्यांचा वर्ग गेला तरी नोकरी जाणार नव्हती. हे गणित मी तेव्हा स्वतःला अनेकदा समजावलं, आणि आता लिहिताना दिसतं की ते चुकीचंही नव्हतं. फॉर्म जमा झाले. कला तेवीस, कम्प्यूटर चौदा. वेबसाइटवर विषयाचं नाव निवडायला एक छोटी यादी उघडते. कलेच्या खालीच कम्प्यूटर. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी एकटा बसून नऊ मुलांची नावं त्या खालच्या ओळीवर नेली. कला चौदा, कम्प्यूटर तेवीस. लाइट गेली नाही, साइट अडकली नाही. एरवी दहा वेळा अडकते.

पण ही नऊ कोणती, ते सांगितल्याशिवाय कबुली पुरी होत नाही. मी चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. ज्यांचे वडील शाळेत येऊन जाब विचारणार नाहीत अशी नऊ मुलं मी निवडून काढली. कुणाचे वडील बाजारात पोती वाहणारे पल्लेदार, कुणाचे बाहेरगावी मजुरीवर, कुणाला वडील नाहीत. फॉर्मवर सहीच्या जागी अंगठा दिसला की मी ते नाव वेगळं काढत होतो.

यादी लागली तेव्हा ताई ती हातात घेऊन लॅबमध्ये आल्या. "अरे, मी वर्गात हात वर करायला लावले होते. तेवीस मोजले. हे चौदा कसे?" मी पडद्यावरून नजर न काढता म्हणालो, "बच्चों का क्या है ताई, मन बदल लेते हैं." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी हिंदीत बोललो. "बदलतात खरे," म्हणाल्या आणि गेल्या. त्यानंतर माझं तसंच होत गेलं. ज्या मराठीत त्या मला लहान मुलासारखं रागवायच्या, त्या मराठीत त्यांच्याशी बोलायला जीभच वळेना. हिंदीत मी नुसता एक सहकारी होतो, ते सोयीचं होतं. महिनाभराने डबा खाताना त्यांनी विचारलं, "काय रे, माझ्याशी भांडलायस का? हल्ली मराठी बोलतच नाहीस." मी म्हटलं, "नहीं ताई, आदत हो गई है." बाकीच्यांनी चेष्टा केली, "सरकार गिर गई क्या?" ताई हसल्या. मीही हसलो.

त्या नऊ जणांपैकी एकटी नीतू विचारायला आली. तिचे वडील लक्ष्मी गेटजवळ सायकली दुरुस्त करायचे. शिडशिडीत पोरगी, दाराला धरून उभी. "सर, मैंने तो आर्ट पे टिक लगाया था." मी म्हणालो, "तूने ही गलत लगाया होगा. ध्यान से भरना चाहिए था ना? अब कुछ नहीं हो सकता." तिने मान हलवली. मोठ्या माणसाने सांगितलं म्हणजे तसंच असणार. जाताना "सॉरी सर" म्हणाली... ती मला सॉरी म्हणाली.

ताईंना लायब्ररी मिळाली आणि धाकट्या वर्गांचं शिवणकाम. त्यांनी तक्रार केली नाही, पण आठवड्यातून एखादा मोकळा तास माझ्या लॅबमध्ये येऊन बसायला लागल्या. "बघू दे तरी, माझ्या पोरी इथे काय करतात." माउस धरून त्यांनी किल्ल्याचा बुरूज काढायचा प्रयत्न केला, तो डळमळीत भोपळ्यासारखा झाला. "हातमोजे घालून सुईत दोरा ओवतेय असं वाटतं," म्हणाल्या, आणि पोरी खिदळल्या. मग त्या नीतूच्या मागे उभ्या राहून तिला रंग सांगू लागल्या. सावली काळी नसते, निळी करून बघ. त्यांनी सांगितल्याप्रमाणे रंगवलेलं नीतूचं पोस्टर जिल्ह्याच्या स्पर्धेत निवडलं गेलं आणि त्याखाली मार्गदर्शक म्हणून माझं नाव छापून आलं. ताईंनी सगळ्यांआधी येऊन माझं अभिनंदन केलं. मी थैंक्यू म्हणालो.

दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. मी पुढे कायम झालो. त्यांच्या घरी जाणं सणावारापुरतं उरलं. शेवटचा गेलो तो या थंडीत. उन्हात खुर्ची टाकून त्या मटार सोलत होत्या, थोडे माझ्यापुढेही ढकलले. इकडचं तिकडचं झाल्यावर एकदम म्हणाल्या, "त्या नीतूचा हात फार चांगला होता रे. इतक्या वर्षांत तसा एखादाच. एक खूण चुकली पोरीची." आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना ठाऊक होतं आणि त्या मला संधी देत होत्या, की खरंच हळहळत होत्या, हे मला सांगता येणार नाही. मी खूप विचार केला आहे, दोन्ही बाजूंनी पटतं. मी म्हणालो, "जी." तेवढंच. मटार सोलत राहिलो.

त्यांच्या तेराव्याला नीतू आली होती. मी ओळखलं नाही, तिनेच पाया पडून ओळख दिली. ओरछा गेटजवळ तिचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दाखले, पेन्शन, शाळा-कॉलेजचे प्रवेश, सगळं. जेवणाच्या पंगतीत पाणी वाढता वाढता ती प्रमोदला सांगत होती, "हमारे यहाँ गलती नहीं होती भैया. जमा करने से पहले स्क्रीन घुमाके एक-एक लाइन पढ़के सुनाती हूँ. मुझसे एक बार गलत टिक लग गया था ना, नौवीं में. सर से पूछ लो." तिने हसून माझ्याकडे पाहिलं. प्रमोदही हसला. मी पानातला भात कालवत राहिलो. "अब चित्र बनाती हो?" असं मी विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून. "कहाँ सर, टाइम कहाँ है," म्हणाली आणि पुढच्या पानाकडे गेली.

हे मी मराठीत लिहिलं, कारण ताईंना सांगायचं ते मराठीतच सांगायला हवं होतं. पण त्यात माझी एक लबाडीही आहे, ती झाकत नाही. हे ज्या मराठी पुरवणीत छापून येईल ती ओरछा गेटजवळ कुणी वाचत नाही, आणि नीतूला मराठी येत नाही. ताईंकडे आता काही फेडता येणार नाही. बाकीच्या आठांपैकी पाच जणांचा पत्ता मला लागला आहे, तिघांचा नाही. नीतूचं दुकान माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, दोनदा तिथपर्यंत जाऊन परत आलो. तिने फॉर्म बरोबर भरला होता. हे तिच्या समोर उभं राहून, तिला कळेल अशा हिंदीत सांगणं, एवढं मी तिचं देणं लागतो.