सुनंदाताईने टाकीत कुणालाच उतरू दिलं नाही

आज सकाळी आमच्या दहिसरच्या चाळीत सेप्टिक टँक उपसायला गाडी आली. शेजारच्या टॉवरचं सांडपाणी थेट गटारलाइनला जातं, आमचं टाकीतच साठतं. बरीच वर्षं उपसा नाही, त्यामुळे गाळ घट्ट झालेला. पाइपने ओढला जाईना.

"मी उतरतो आत," गाडीवरचा माणूस म्हणाला.

शेजारची सुनंदाताई त्याच्या आडवी आली. "तू नाही उतरायचं, दादा. माझा भाऊ असाच उतरला, आतल्या गॅसने गेला. मी वरून हाका मारत राहिले."

मग पाणी मारून गाळ सैल केला आणि पाइपनेच उपसला.

संध्याकाळी ताई बंद झाकणाशी एकटीच बसलेली दिसली. "आतून आवाज येतो का, ऐकत होते," म्हणाली.

तुमच्याकडची टाकी शेवटची कधी उपसली? आत कोण उतरलं होतं, माहितीये?